छातीची तपासणी कशी करून घ्यायची: उपकेंद्रापासून नागपूरच्या रिपोर्टपर्यंत

छातीच्या, म्हणजे स्तनांच्या कॅन्सरच्या तपासणीबद्दल आता आमच्या विदर्भातल्या गावांतही बोललं जातं. शिबिरं होतात, आशाताई घरी येतात, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पोस्टर लागतं. तरी घोळ होतोच, आणि तो बहुतेक वेळा क्रमाचा असतो. काहीच त्रास नसलेली पंचविशीतली सून शिबिरात मॅमोग्राफीच्या (छातीच्या एक्स-रे फोटोच्या) रांगेत उभी असते; जिच्या छातीत चार महिन्यांपासून गाठ आहे ती तिची पन्नाशीतली सासू मात्र 'वेचणी होऊ दे, मग पाहू' म्हणत घरी. कोणी गाठ आधी कापून घेतं आणि ती कसली होती हे नंतर शोधत बसतं. कोणाच्या रिपोर्टवर शून्य असतं म्हणून घरचे निर्धास्त होतात, आणि ते शून्य चांगलं नसतंच. म्हणून खालचे टप्पे त्याच क्रमाने वाचा.

## टप्पा १: तुमचा रस्ता कोणता, ते आधी ठरवा

रस्ते दोन आहेत. त्रास काहीच नाही, फक्त वेळेवर पाहून घ्यायचं आहे, तर तो नियमित तपासणीचा रस्ता. त्यात घाई नाही, पण चुकवायचंही नाही. दुसरा रस्ता छातीत काही बदल जाणवला असेल त्यांचा. त्यांना शिबिराची तारीख, हंगाम, लग्नसराई यांतलं काहीही आडवं येऊ द्यायचं नाही.

खालच्यापैकी एक जरी दिसलं, तरी वय कितीही असो, तुमचा रस्ता दुसरा:

- छातीत किंवा काखेत नवी गाठ, किंवा एकाच बाजूला आलेला घट्टपणा
- कातडी आत ओढली जाऊन पडलेला खळगा, किंवा संत्र्याच्या सालीसारखी जाड, बारीक छिद्रांची झालेली कातडी
- आधी सरळ असलेलं बोंड आत वळणं (लहानपणापासून तसंच असेल तर काळजी नको)
- बोंडातून आपोआप रक्त किंवा पाण्यासारखा स्राव येणं, विशेषतः एकाच बाजूने
- बोंडावर मलम लावूनही न जाणारी खरूज किंवा जखम
- एका बाजूच्या आकारात अलीकडे पडलेला फरक

या यादीत दुखणं नाही, हे लक्षात घ्या. “दुखत त नाही, मंग कायले जाचं दवाखान्यात?” या एका वाक्याने आमच्याकडे जितका उशीर होतो, तितका एसटी चुकल्याने होत नाही. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाहीच. उलट पाळीच्या आधी दोन्ही बाजू जड होऊन ठणकतात ते बहुतेक वेळा साधं असतं. एकाच जागी सतत दुखत असेल तर दाखवा. पण दुखत नाही म्हणून गाठ अंगावर काढू नका.

तरुण मुलींच्या छातीत हाताखाली सटकणारी गुळगुळीत गाठ असते, ती बऱ्याचदा कॅन्सरची नसते. तरी ते ठरवायचं काम सोनोग्राफीचं आहे, शेजारणीचं नाही.

इशारा: गाठीवर शेक, लेप, डाग, जोरात तेल चोळून 'जिरवणं' यातलं काही करू नका. कातडी भाजली किंवा सुजली की पुढे डॉक्टरांना मूळचं काय आणि नंतरचं काय, हेच कळेनासं होतं.

## टप्पा २: घरी हाताने पाहणं

याबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. महिन्याला घरी हात लावून पाहिलं म्हणजे झालं, असं नाही. चीनमध्ये शांघायच्या कापड गिरण्यांतल्या अडीच लाखांहून जास्त कामगार महिलांवर मोठा अभ्यास झाला. त्यात फक्त घरी पाहायला शिकवल्याने मृत्यू कमी झाले नाहीत. मग कशाला पाहायचं? आपली छाती एरवी कशी असते हे हाताला ठाऊक असावं म्हणून. नवं काही आलं की ते तुम्हाला लगेच कळतं.

दिवस: पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसाच्या आत. तेव्हा छाती मऊ असते. पाळीच्या आधी पाहिलं तर जागोजागी गुठळ्या लागतात आणि उगाच धसका बसतो. पाळी गेलेल्या बायकांनी महिन्याची एक तारीख धरावी. बचत गटाचा हप्ता भरायची तारीख सोयीची, ती कोणी विसरत नाही.

आधी डोळ्यांनी: दार लावून उजेडात आरशासमोर उभ्या राहा. आरसा लहान असला तरी चालतो, वरखाली धरा. आधी हात खाली सोडून, मग दोन्ही हात डोक्यावर नेऊन, मग कमरेवर हात दाबून पाहा. हात वर केल्यावरच दिसणारे खळगे असतात, म्हणून ही पायरी गाळू नका.

मग हातांनी: आडव्या व्हा. उजवी बाजू पाहायची तर उजव्या खांद्याखाली घडी केलेली चादर घ्या, उजवा हात डोक्यामागे ठेवा आणि डाव्या हाताच्या मधल्या तीन बोटांनी पाहा. बोटांच्या टोकांनी नाही, पेरांच्या मऊ भागाने. लहान लहान गोल फिरवत, एकाच जागी आधी हलकं, मग जरा दाबून, मग बरगडीपर्यंत दाबून. काखेपासून सुरू करून उभ्या ओळींत वर गळ्याच्या हाडापर्यंत आणि खाली छातीच्या घडीपर्यंत जा, आणि ओळीमागून ओळ करत मधल्या हाडाशी या. शेवटी काख. न्हाणीत साबण लावलेल्या हाताने पाहिलं तरी चालतं, पण मोठी छाती असेल तर आडवं होणंच बरं.

बायका बहुतेक मधला भाग चाचपतात आणि थांबतात. काखेकडचा वरचा भाग मात्र राहून जातो, आणि नेमक्या तिथेच सगळ्यांत जास्त गाठी निघतात.

चिमटीत धरून पाहू नका, चिमटीत कोणतीही छाती गाठीसारखीच लागते. बोंड पिळून स्राव येतो का हेही पाहू नका. छातीच्या खालच्या घडीत दोन्हीकडे सारखा कडक पट्टा लागतो, तो नैसर्गिक आहे.

खात्री करा: काही लागलं आणि पाळी जवळ आली असेल, तर पाळी होऊन गेल्यावर एकदा परत पाहा. तरी आहे? दाखवा. पाळी गेलेल्या बाईने तेवढंही थांबायचं नाही.

## टप्पा ३: उपकेंद्रातली तपासणी

सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या महिलांची तोंड, छाती आणि गर्भाशयमुख अशा तीन कॅन्सरसाठी तपासणी होते, छातीची दर पाच वर्षांनी एकदा. सुरुवात आशाताईंच्या सीबॅक फॉर्मने होते. त्यात वय, तंबाखू, कमरेचं माप, घरात कोणाला काय आजार अशा प्रश्नांसोबत छातीत गाठ आहे का, बोंडातून रक्तासारखा स्राव येतो का, आकार बदलला का, हेही विचारलेलं असतं.

इथेच पहिली गडबड होते. फॉर्म भरला जातो ओट्यावर. शेजारी सासू तूर निवडत असते, दीर खाटेवर, दोन शेजारणी उभ्या. अशा वेळी 'छातीत गाठ आहे का' याचं उत्तर 'नाही' सोडून दुसरं काय येणार? आशाताईंना सरळ म्हणा, “ताई, आत या, हे आत बसून भरू.” आधी 'नाही' सांगून बसला असाल तर नंतर एकट्या गाठून दुरुस्त करून घ्या. त्या रागावत नाहीत.

दुसरी गडबड म्हणजे फॉर्म भरला, बीपी आणि साखर पाहिली, रजिस्टरवर सही झाली आणि बाई घरी आली. छातीला हातच लागला नाही. म्हणून नीट तपासणी कशी असते ते ठाऊक हवं:

१. पडदा किंवा बंद दार, आणि तपासणाऱ्या सिस्टर, सीएचओ (उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडम किंवा डॉक्टर बाई.
२. ब्लाउज काढून. कपड्यावरून चाचपणं ही तपासणी नाही.
३. आधी बसवून, हात वर करायला लावून नजरेने पाहणं.
४. मग आडवं करून दोन्ही बाजू, दोन्ही काखा आणि गळ्याच्या हाडाच्या वरचा भाग.
५. शेवटी काय दिसलं ते तोंडी सांगणं आणि कागदावर लिहिणं.

यातलं काही राहिलं तर विचारा. सीएचओ पुरुष असेल तर एएनएम सिस्टरचा वार विचारून त्या दिवशी जा. सोबत एखादी बाई घेऊन गेलात तर संकोच अर्धा होतो.

पाच वर्षं ही मुदत माझ्या मते जास्तीत जास्त समजावी. टाटा मेमोरियल हॉस्पिटलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून दीड लाख महिलांवर जो अभ्यास केला, त्यात प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने छाती तपासत होत्या. २०२१ साली आलेल्या त्याच्या निकालांत पन्नाशीपुढच्या महिलांमध्ये छातीच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी दिसले. पन्नाशीच्या आतल्या महिलांमध्ये तसा फायदा दिसला नाही. म्हणजे पाळी गेली, आता काय तपासायचं, असं म्हणणाऱ्या बायकांनाच याचा जास्त उपयोग आहे. चाळिशीनंतर उपकेंद्रात बीपीच्या गोळ्या घ्यायला जाताच. वर्ष-दोन वर्षांतून एकदा छातीही दाखवा.

हंगामाचं म्हणाल तर कपाशीच्या पट्ट्यात हरभरा निघाल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये सवड असते. भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे मार्चपासून मोह आणि मग तेंदूपत्ता, त्यामुळे तिकडे धानाची मळणी झाल्यावर, जानेवारी-फेब्रुवारी बरा. ही सवड पहिल्या रस्त्यावरच्या बायकांसाठी. दुसऱ्या रस्त्याला हंगाम नाही.

इशारा: शिबिरात कधी कधी नुसता उष्णतेचा फोटो काढणारं यंत्र आणतात, न दाबता, न दुखता. ते मॅमोग्राफीच्या जागी चालत नाही. एका रक्ताच्या नमुन्यात छातीचा कॅन्सर 'पकडून' देणारी पॅकेजंही घेऊ नका. मार्करच्या, म्हणजे रक्तात कॅन्सरची खूण शोधणाऱ्या तपासण्या निरोगी बाईच्या चाळणीसाठी नसतात.

## टप्पा ४: मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी

कोणाला काय? चाळिशीच्या आत छाती घट्ट असते, मॅमोग्राफीत गाठ झाकली जाते. म्हणून तरुण, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला आधी सोनोग्राफी. चाळिशीपुढे मॅमोग्राफी, गरज पडली तर जोडीला सोनोग्राफी. आई, बहीण किंवा मुलीला छातीचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल, तर सुरुवात लवकर करावी लागते. तेव्हा त्यांना तो कितव्या वर्षी कळला, ते विचारून ठेवा. डॉक्टर तोच प्रश्न विचारतील.

निघायच्या आधी: जिल्हा रुग्णालयात मॅमोग्राफी होते का, मशीन सध्या सुरू आहे का, वार कोणता, हे सीएचओ मॅडमना फोन करून विचारायला सांगा. ती सोय नसेल तर मेडिकल कॉलेजची रुग्णालयं, नागपूरचं मेडिकल, एम्स आणि तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, वर्ध्याकडे सेवाग्राम आणि सावंगी ही मोठी ठिकाणं. मेळघाटातून किंवा सिरोंच्याहून निघालेली बाई मशीन बंद म्हणून परत आली की दुसऱ्यांदा निघत नाही, म्हणून हा फोन आधी.

त्या दिवशी: अंघोळ करा, पण छातीला आणि काखेत पावडर, तेल, मलम, स्प्रे काही लावू नका. पावडरचे कण फोटोत पांढरे ठिपके होऊन उमटतात आणि नको ती शंका निघते. साडी-ब्लाउज किंवा पंजाबी ड्रेस ठीक, वन-पीस गाऊन नको, कारण फक्त कमरेवरचे कपडे काढायचे असतात. डोरलं, पोत, माळ काढावी लागते. पुष्कळ बायका इथे अडतात, टेक्निशियनशी वाद होतो, रांग खोळंबते. घरूनच ठरवून जा: डोरलं सोबतच्या बाईच्या हातात द्यायचं किंवा रुमालात बांधून पिशवीत ठेवायचं.

पाळी येत असेल तर पाळीनंतरच्या आठवड्यात जा, दुखणं कमी होतं. गाठ असेल तर मात्र दिवस मोजू नका. दिवस गेले असण्याची शंका असेल तर आधी सांगा.

आत काय होतं: उभं करून एक एक बाजू दोन पट्ट्यांमध्ये दाबतात आणि प्रत्येकी दोन फोटो काढतात. दाबलेलं काही सेकंदच असतं. कोणाला नुसतं आवळल्यासारखं होतं, कोणाला चांगलंच दुखतं. दाबल्याने गाठ फुटत नाही आणि पसरतही नाही.

## टप्पा ५: रिपोर्टवरचा आकडा वाचणं

रिपोर्टच्या शेवटी 'बायरॅड्स' असं लिहून ० ते ६ मधला आकडा असतो. सगळ्यांत मोठे गैरसमज इथे होतात, म्हणून सावकाश वाचा.

० म्हणजे 'काही नाही' असं नव्हे. तपासणी अपुरी आहे, आणखी फोटो किंवा सोनोग्राफी हवी, किंवा जुने फोटो पाहायचे आहेत, असा त्याचा अर्थ. शून्य पाहून फाइल कपाटात टाकली तर काम अर्ध्यात सुटलं.

१ म्हणजे काही आढळलं नाही. २ म्हणजे काहीतरी आहे पण ते साधं आहे. दोन्हीला पुढची नियमित तारीख.

३ म्हणजे बहुधा साधं, पण सहा महिन्यांनी परत फोटो. ही तारीख सगळ्यांत जास्त बुडते, कारण बाईला बरं वाटत असतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर सहा महिने पुढे जाऊन आत्ताच खूण करा. आणि वर्षअखेरीला कॅलेंडर बदलताना ती खूण नव्यावर उतरवा.

४ आणि ५ म्हणजे सुईने तुकडा काढून तपासणं जरुरीचं. ४ मध्ये शंका कमी-जास्त असू शकते, ५ मध्ये दाट. ६ आधीच तुकड्याच्या तपासणीत कॅन्सर ठरलेल्या बाईला लिहितात.

हे आकडे म्हणजे स्टेज नाही. बायरॅड्स ४ वाचून 'चौथी स्टेज आहे, आता काय उरलं' म्हणत घरात रडारड सुरू होते. पुष्कळदा ४ असलेल्या बाईच्या तुकड्यात कॅन्सर निघतच नाही. आणि निघाला तरी स्टेज नंतर, वेगळ्या तपासण्यांनी ठरते.

खात्री करा: रिपोर्ट घेतल्यावर खिडकीवरूनच माघारी फिरू नका. ज्या डॉक्टरांनी पाठवलं त्यांनाच दाखवा. मॅमोग्राफीत काही दिसलं नाही पण हाताला गाठ लागते, असंही होतं. तेव्हा गाठीचा तपास पूर्ण करायचा, चांगला रिपोर्ट दाखवून तो थांबवायचा नाही.

## टप्पा ६: गाठ असेल तर आधी सुई, सुरी नंतर

गाठीच्या तपासाचा क्रम ठरलेला आहे: डॉक्टरांचा हात, मग फोटो, मग सुई. या तिन्हींचं एकमेकांशी जुळलं की पुढचा निर्णय.

आमच्याकडे हा क्रम उलटा होतो. तालुक्याच्या ठिकाणी कोणी सांगतं, “छोटी गाठ आहे, भूल देऊन काढून टाकू, संध्याकाळी घरी.” बाईलाही तेच हवं असतं. गाठ निघते, कधी तपासायलाही पाठवली जात नाही. ती कॅन्सरची असली तर आता ती किती मोठी होती, कडेला काय उरलं, काखेत काय होतं, सगळं अंधारात. दुसरं ऑपरेशन लागतं, तेही जास्त अवघड. काही कॅन्सरमध्ये आधी औषधं देऊन गाठ लहान करतात आणि मग ऑपरेशन. ती वाटही बंद होते.

म्हणून टेबलावर जाण्याआधी विचारा: “सुईची तपासणी झाली का? तिचा रिपोर्ट कुठे आहे?” जाड सुईने तुकडा काढण्याला ट्रूकट बायोप्सी म्हणतात. जागा बधिर करून होते, टाके लागत नाहीत, त्याच दिवशी घरी. बारीक सुईच्या एफएनएसीपेक्षा हिच्यातून जास्त माहिती मिळते, कारण पुढे ईआर, पीआर आणि हर-टू (कॅन्सर कोणत्या प्रकारचा ते सांगणाऱ्या) या तपासण्या त्याच तुकड्यावर होतात आणि औषध त्यांवर ठरतं.

“सुई टोचली की कॅन्सर पसरतो” हे गावोगाव ऐकू येतं. पसरत नाही. पसरतो तो महिने दवडल्याने.

कोणतीही गाठ काढली, साधी म्हणून काढली तरी, ती फॉर्मॅलिनच्या बाटलीत पॅथॉलॉजीला गेली पाहिजे आणि रिपोर्ट तुमच्या हातात आला पाहिजे. नुसत्या पाण्यात किंवा सलाइनमध्ये ठेवलेला तुकडा खराब होतो. दवाखाना बदलणार असाल तर स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्या. तो असला की नव्या ठिकाणी परत टोचावं लागेलच असं नाही.

अंगावर पाजणाऱ्या आईसाठी: दूध साचून गाठ, लाली, ताप हे नेहमीचं आहे. पाजणं किंवा दूध काढणं सुरू ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. पण औषध पुरं होऊनही दोन आठवड्यांत गाठ गेली नाही, तर 'दुधाचीच असेल' म्हणून सोडू नका, सोनोग्राफी करा.

## टप्पा ७: कागद, पैसा, प्रवास

सगळे कागद एका फाइलमध्ये, तारखेने लावून. कृषी केंद्राच्या पिशवीत बियाण्याच्या बिलांसोबत घडी करून ठेवलेला रिपोर्ट ऐन वेळी सापडत नाही, आणि फिल्म घडी पडली की वाचता येत नाही.

महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, आणि यादीतल्या रुग्णालयांत कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन त्यात बसतं. रेशन कार्ड, आधार आणि असेल तर आयुष्मान कार्ड न्या. अडचण येते ती नावाची: आधारवर माहेरचं नाव, रेशन कार्डावर सासरचं, किंवा रेशन कार्डात सुनेचं नावच नाही. गाठ निघायची वाट न पाहता हे आधी दुरुस्त करून ठेवा. रुग्णालयात पोचल्यावर पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राच्या (योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनिसाच्या) टेबलावर जा. अडलं तर योजनेचा फोन १५५३८८.

ओपीडीचे केसपेपर सकाळीच निघतात, दुपारी पोचून उपयोग नाही. गाडी त्या हिशेबाने धरा. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहेच. सोबत असा माणूस न्या, जो डॉक्टर बोलतात ते लिहून घेईल. नुसता धीर द्यायला आलेला माणूस बाहेर चहा पीत बसतो.

परत आल्यावर उपकेंद्रात जाऊन काय निघालं ते सांगा आणि रिपोर्टची झेरॉक्स द्या. सीएचओ मॅडमच्या यादीत तुमचं नाव 'पाठवलं' एवढ्यावरच अडकलं तर पुढच्या तारखेची आठवण तुम्हाला कोणी करणार नाही.

आणि कॅन्सर निघालाच, तर ते बहिणींपासून आणि मुलींपासून लपवू नका. लग्न अडतील म्हणून घरात गप्प बसतात, पण त्यांची तपासणी लवकर सुरू व्हायची तर हे त्यांना माहीत हवं. मुलगी दुसऱ्या गावी दिलेली असेल तर रिपोर्टचा फोटो तिच्या फोनवर पाठवा, म्हणजे ती तिथल्या डॉक्टरांना तो दाखवू शकेल.